पिंपातली जास्वंद

नणंद-भावजयीचं पटत नाही असं म्हणतात. या घरात मात्र इतकं पटायचं की लोकांना संशय यावा. नणंद थोरली, लग्न न केलेली, टपाल कचेरीत खिडकीवर बसणारी. भावजय दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला काय हाक मारावी हे तिला सुचेना. जुन्या गोष्टींतल्या सुना म्हणतात तसं तिने गमतीत ‘वन्सं’ म्हटलं. नणंदेने तिथल्या तिथे ‘बोला, वहिनीसाहेब’ असं उत्तर दिलं आणि ती गंमत कायमची होऊन बसली. पुढे अहो-जाहो गळून गेलं, वन्सं तेवढं राहिलं. "वन्सं, माझी छत्री तूच नेलीस ना गं?" असं घरात रोज ऐकू यायचं.

मागच्या अंगणातली जास्वंद वन्संची. कुणाच्या तरी कुंपणावरून बाहेर आलेली फांदी तिने येता येता मोडून आणली होती आणि अर्धं कापलेलं एक जुनं पिंप पडून होतं, त्यात खोचली होती. लागली तर लागली. ती लागली, वाढली, भिंतीच्या वर डोकं काढून शेजाऱ्यांकडे बघायला लागली. "तू कवळ्या कर, मी कळ्या करते," वन्सं म्हणायची. या विनोदावर ती स्वतःच सगळ्यात जास्त हसायची.

आणि एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, डबा खाऊन झाल्यावर वन्सं खिडकीमागच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेली. रांगेतल्या पहिल्या माणसाला वाटलं, बाईंचा डोळा लागलाय. तो बिचारा थोडा वेळ अदबीने थांबून राहिला.

माणसं भेटायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण आधी सासऱ्यांचा हात हातात घ्यायचा. मग तिच्या नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिला म्हणायचा, "आता दोघांना तूच सांभाळायचंस हो. खंबीर राहा." एक दूरची मावससासू तर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "वाईट झालं. पण एका अर्थी तुझा संसार मोकळा झाला." तिने मावशींच्या हातात चहाचा कप दिला. त्या दिवसांत तिने किती चहा केला असेल याला सुमार नाही.

कारखान्यात रजा मागायला फोन केला तेव्हा मालकांनी विचारलं, "कोण गेलं?"

"नणंद."

"हां," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा सुटल्यासारखं वाटलं. "मग परवा याल ना?"

ती परवा गेली. तिला स्वतःलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर तिला काहीच वाटत नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचली की ओठ जसा होतो, असतो पण आपला नसतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. मेणात दात बसवायचे, चावा जुळतो का बघायचं, प्लास्टर ओतायचं. हात आपोआप चालायचे. घरी यायचं, भाजी चिरायची, तिघांची ताटं घ्यायची. घरात वन्संचं नाव कुणी काढत नव्हतं. सासरे मुळातच मितभाषी. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, तो संध्याकाळी दमून यायचा आणि जेवून टीव्हीसमोर बसायचा. आवाज बंद असला तरी तो टीव्ही बघत राहायचा.

अशात एका सकाळी कपडे वाळत घालताना तिला पिंपाभोवती कळ्या पडलेल्या दिसल्या. बारीकसारीक नव्हेत, चांगल्या बोटभर लांबीच्या, टोकाला लाल रंग दिसू लागलेल्या. उद्या उमलायच्या त्या आज खाली. देठ मात्र पिवळे पडले होते. तिने झाडावरच्या एका कळीला नुसतं बोट लावलं तर तीही टपकन हातात आली.

झाडाकडे कुणाचंच लक्ष नाही, ते तहानलं असणार, असं तिच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कामावर जायच्या आधी ती बादलीभर पाणी पिंपात ओतू लागली. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर वन्संचं नाव घ्यावं लागलं असतं. कळ्या गळतच राहिल्या. तिने चहाचा चोथा घातला, तांदळाचं धुवण घातलं. झाड कळ्या धरायचं आणि टाकायचं, धरायचं आणि टाकायचं.

येता-जाता रस्त्यात एक रोपवाटिका होती. तिने तिथल्या रोपवाल्याला विचारलं. तो कुंड्यांवर पाण्याची नळी धरून उभा होता.

"पाणी कमी पडत असेल," तो म्हणाला.

"पाणी घालते मी."

"मग जास्त होत असेल."

"तसं नसेल तर?"

"मग कळीत अळी असेल. किंवा ऊन. किंवा ऊन नसेल." त्याने नळी दुसऱ्या कुंडीवर वळवली. "नाहीतर ताई, नवीन झाड घेऊन जा. हे बघा, किती टवटवीत आहे."

एवढ्यावरून काय कळायचं? पण अळीचं तिच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने एक गळालेली कळी रुमालात बांधून कारखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत भिंगाच्या दिव्याखाली धरून मेण कोरायच्या सुरीने ती उभी चिरली. समोरच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी आणणारी बाई बसायची, तिला सगळे पॉलिशवाली म्हणत. ती मान उंचावून बघू लागली.

"काय करतेस गं?"

"अळी आहे का बघते."

अळी नव्हती. पाकळ्या एकीवर एक घट्ट गुंडाळलेल्या होत्या, ओल्या, लालभडक, आत पिवळी पूड धरलेला तुरा. कुठे छिद्र नाही, कुठे डाग नाही. सगळं तयार होतं. ती बराच वेळ बघत राहिली. कुणाला वाटलं असतं की या क्षणी तिला रडू फुटेल. तसलं काही झालं नाही. तिने सुरी पुसली आणि पुढची कवळी घेतली.

त्याच आठवड्यात एके दिवशी दुपारीच कारखान्यातली वीज गेली. लवकर येणार नाही म्हटल्यावर मालकांनी सगळ्यांना घरी पाठवलं. पुढचं दार आतून लावलेलं होतं. सासऱ्यांची झोप मोडायला नको म्हणून ती बोळातून मागच्या अंगणात आली. सासरे झोपले नव्हते. हातात तांब्या घेऊन ते पिंपाशी वाकले होते. तिला पाहून असे दचकले, जणू चोरी पकडली गेली.

"बाबा, तुम्ही पाणी घालताय?"

"थोडंसंच," ते म्हणाले. "चार-पाच तांबे. रोज दुपारी. म्हटलं, घरात कुणाला सवड आहे?"

"मी घालते की सकाळी. बादलीभर."

सासऱ्यांनी तांब्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. तिने मातीत बोट खुपसलं. बोट चिखलात गेल्यासारखं आत गेलं आणि वर आलं तेव्हा त्याला घाण वास येत होता.

संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. नवरा नेहमीसारखा मागच्या दाराने आला. अंगणातल्या नळाला रबरी नळी लावलेली होती, तिच्याखाली त्याने हाताचं वंगण धुतलं. आणि मग नळी तशीच पिंपात सोडून तो कठड्यावर बसला. पाणी कडेवरून वाहायला लागलं तरी त्याने उठायची घाई केली नाही. तो पाण्याकडेही बघत नव्हता. नुसता बसला होता.

जेवताना तिने विषय काढला. तिला वाटलं होतं फार जड जाईल, पण वाक्य साधंच निघालं.

"जास्वंदीला आपण तिघंही पाणी घालतोय. सकाळी मी, दुपारी बाबा, संध्याकाळी तू. मुळं कुजायला आली असतील."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "तुम्ही घालता? मला कुणी सांगितलं नाही."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला विषय नको असेल," तो म्हणाला. "मग तुम्ही दोघं बंद करा. मी घालीन. माझी बहीण होती ती."

"आणि माझी कुणी नव्हती?" सासरे म्हणाले. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते, आताही चढवला नाही. "दिवसभर मी एकटा असतो घरात. ते एक काम आहे मला."

"बाबा, तुम्हाला वाकता येत नाही. पडलात म्हणजे?"

"आजवर पडलो?"

वन्सं गेल्यापासून या घरातलं हे पहिलं भांडण, आणि तेही पाणी कुणी घालायचं यावर. वन्सं असती तर तिने दोघांनाही एका वाक्यात गप्प केलं असतं. ती ऐकत होती. आपणही काही बोलावं असं तिच्या मनात आलं, पण काय म्हणून बोलणार? एक बाप, एक भाऊ. भावजयीचा हक्क तो काय? ती उठून पाण्याचं भांडं आणायला गेली. परत आली तेव्हा सासरे तिच्याकडेच बघत होते.

"पाणी सूनबाई घालेल," ते म्हणाले.

"ते का?" नवऱ्याने विचारलं.

"आपण दोघं नात्याने तिचे लागत होतो. जमायचं तिचं हिच्याशी." सासऱ्यांनी भातात बोटं फिरवली. "ऑफिसातून आली की आधी कुणाला हाक मारायची? मला? मी इथेच बसलेला असायचो. माझ्यावरून पुढे जायची ती."

नवऱ्याने मान हलवली. मग तिला म्हणाला, "तूच घाल."

तिने भांड्यातलं पाणी तिघांच्या पेल्यांत ओतलं. हे ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं, हे तिला कळत होतं. ती दोन घोट प्याली आणि जेवू लागली.

रविवारी नवऱ्याने ड्रिल मशीन काढलं. पिंपाच्या तळाला भोकच नव्हतं. इतकी वर्षं वन्सं बोट खुपसून माती बघायची आणि कोरडी लागली तरच पाणी घालायची, म्हणून निभावलं होतं. दोघांनी मिळून पिंप विटांवर कलतं केलं, सासऱ्यांनी फांद्या धरल्या. पहिलं भोक पडताच काळं पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं आणि नवऱ्याची विजार भिजवून गेलं. वास असा की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

"पुरता भरलास," सासरे म्हणाले. त्यांच्या मिशीखाली हसू आल्यासारखं वाटलं, पण ते टिकलं नाही.

मग तिचं काम एकच, पाणी न घालणं. सकाळी उठायचं, मातीत बोट घालायचं, ओलं लागलं की हात धुऊन आत यायचं. रिकाम्या हाताने परत येणं तिला बादली उचलण्यापेक्षा अवघड जात होतं. पानं पिवळी पडली, बरीच झडली. कळ्या तर येईनाशाच झाल्या. झाड मरतंय की सावरतंय हे काही दिवस कुणालाच सांगता येईना आणि कुणी कुणाला विचारलंही नाही.

शेवटी नवी पानं फुटली. कळ्या आल्या. पहिल्या काही गळाल्याच. मग एका सकाळी ती मागे गेली तर भिंतीच्या बाजूला एक फूल उमललं होतं. मोठं, लाल, ऐटबाज. तिने दारातूनच आत सांगितलं, "उमललंय."

नवरा तोंडात ब्रश तसाच घेऊन आला. सासरे काठी टेकत आले. तिघं उभे राहिले. उन्हात फुलाची सावली भिंतीवर पडली होती. बघण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते बघून झालं.

"तिला लाल रंग आवडायचाच नाही खरं म्हणजे," सासरे म्हणाले. "फुकट मिळाली म्हणून लावली."

"डब्यात काय देऊ?" तिने नवऱ्याला विचारलं आणि सगळे आत गेले.

त्या दिवशी कारखान्यात काम बरंच साचलं होतं. जेवणाच्या सुट्टीतही दोघींचं काम चालूच होतं. पॉलिशवालीने मशीनच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "काय गं, तुझ्या त्या झाडाचं काय झालं?"

"आज फूल आलं."

"अगंबाई. मग छानच की. इतकी मागे लागली होतीस. कुणी दिलेलं झाड आहे का?"

"नणंदेचं होतं," ती म्हणाली. "ती वारली. मध्यंतरी." हातातली कवळी तिने टेबलावर ठेवली. "माझी मैत्रीण होती ती."

पॉलिशवालीने मशीन बंद केलं. डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवून तिने स्टूल जवळ ओढलं. "मला कशी माहीत नाही ही? नाव काय तिचं?"

तिने नाव सांगितलं. त्या नावाने तिने वन्संला कधी हाक मारली नव्हती, त्यामुळे ते तिच्याच कानाला परकं लागलं. मग काय सांगावं ते तिला सुचेना. सुरुवात कुठून करायची असते?

"शिंकायची फार मोठ्याने," ती म्हणाली. "शेजारची मांजर पळून जायची."

पॉलिशवाली हसली नाही. पुढचं ऐकायची वाट बघत होती. तेव्हा ती आणखी थोडं बोलली, मग आणखी थोडं. आवाज सपाटच होता, डोळे कोरडेच होते, बोटांना प्लास्टर लागलेलं होतं. पण ती बोलत राहिली, आणि सुट्टी संपल्याची हाक मालकांनी दिली तरी दोघी उठल्या नाहीत.