तरवडाच्या शेंगा

"धर्मराज, चामडं कमवायचं झुडूप बंगल्याच्या दारात? उपट हे सगळं, जल्दी!" पेशकार गिरिधरराव फाटकातूनच ओरडले.

निजामाच्या मुलखातल्या टेंभुर्णीच्या डाकबंगल्यावर जिल्ह्याचे तालुकदारसाहेब सहकुटुंब उतरणार होते. यायला तासभर उरला होता. चारच दिवसांपूर्वी बदलून आलेल्या पेशकारांनी तरवडाच्या जागी ठेवायला औरंगाबादेहून डब्यांतले वीस गुलाब आणवले होते. आता बागेत काय जगतं हे कागदावर ठरणार म्हटल्यावर धर्मराज माळ्याने बोलायचं तरी काय? तरी तो बोलला. मातीचं एक ढेकूळ उचलून त्याने त्यावर लिंबू पिळलं. ढेकूळ फसफसलं.

"बघा सायेब. वीतभर माती, खाली समदी चुनखड. आगूदर दोनदा गुलाब लावले, कावडीनं पानी घातलं, तरी जळून गेल्ते. ह्यो तरवड माळावरचा. तीन सालं झाली, बिगरपान्याचा फुलून राह्यला."

"मला शिकवतोस? उपटत नसशील तर खोपटं खाली कर. आजच!"

बंगल्यामागच्या त्या खोपटात द्वारकाबाई होती, त्याची बायको. संधिवाताने वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून न्यायचं कुठे? धर्मराजाने कुदळ घेतली. मुळं चुनखडीच्या भेगांत खोल शिरली होती. एकेक झाड काढताना त्याचा जीव तुटत होता, आणि पेशकार घड्याळ बघत मागे उभे होते. फुलांनी भरलेली तरवडाची सगळी झाडं फाटकाशी ढीग होऊन पडली तेव्हा वाटेवर मोटारीचा धुरळा दिसला.

मोटार थांबली. तालुकदारांच्या बाईसाहेब वरंगळकडच्या. त्या उतरल्या त्या थेट ढिगाशी गेल्या.

"ये तो हमारा तंगेडू है! परसों बतुकम्मा का त्योहार है, सारे रास्ते यही फूल ढूँढती आयी. किसने उखाड़ा?"

गिरिधररावांचा चेहरा उतरला. धर्मराजाच्या ओठांवर त्यांचं नाव आलं होतं. पण कुदळ अजून त्याच्याच हातात होती, आणि त्याला त्या हातांची लाज वाटली.

"म्या उपटलं, बाईसायेब."

"तो फिर से लगा दो."

"उपटल्याला तरवड पुन्हा धरत न्हाई. बी पेरावं लागतंय. तीन सालं लागतील."

बाईसाहेबांनी पदरभर फुलं खुडली आणि त्या आत गेल्या.

"धर्मराज," पेशकार हळूच म्हणाले, "गुलाबांना पाणी घाल, बाबा."

त्याने गुलाबांना पाणी घातलं. मग ढिगाशी बसून वाळलेल्या शेंगा एकेक करून वेचल्या आणि धोतराच्या सोग्यात बांधल्या. त्याला त्या वर्षी सत्तरावं लागलं होतं.