वाफा भरल्याचा आवाज

महादेवरावांची झोप उडाली होती, आणि झोपेवाचून बीपी उतरेना. तो उतरत नाही तोवर मोतीबिंदूला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. डाव्या डोळ्यानं आधीच राम म्हटला होता, उजव्यातही धुकं दाटत होतं. बायको पार्बताबाई गेल्यावर धामणगावकडचं भाजीचं शेत बटईनं देऊन ते अकोल्यात, जठारपेठेत, लेकीकडे आले होते. गादी मऊ, पंखा गार, पण झोप तिकडेच राहिली होती.

लेक वर्षाली हार मानणारी नव्हे. तिनं मोबाइलवर रात्रभर चालणारा एक आवाज शोधला. वर पाण्याची झुळझुळ, आणि तिच्याखाली, कानाला कळणार नाही इतक्या हळू, कुणीतरी पुटपुटत राहतं की तू शांत आहेस, तू झोपला आहेस. कानाला नाही तरी मनाला कळतं म्हणे. महादेवराव म्हणाले, लाव बाई, गोळ्यांपेक्षा बरं.

पाणी वाहू लागलं. काय गोड वाहत होतं ते! डोळा लागला, खोलीची फरशी काळी, ओली झाली, पलंगाच्या कडेनं वाफे पसरले, मेथीचा वास आला. आणि घटकाभरात महादेवराव ताडकन उठले. वाफा भरला होता. फावडं चाचपताना हाती आला तो लेकीचा झाडू.

आता बोला! ज्या माणसानं तीस वर्षं रात्रीच्या विजेवर पाणी दिलं, एक कान उघडा ठेवून धुऱ्याच्या बांधावर डुलक्या काढल्या, त्याला झोपवायला कुणी पाणी सोडतं का? एक वाफा भरला की उठायचं, दुसऱ्याचं तोंड फोडायचं. त्या रात्री ते सात वेळा उठले, दुसऱ्या रात्री नऊ. पुटपुटणारा बिचारा पाण्यातच बुडाला, आणि बीपी आणखी चढला.

तिसऱ्या रात्री ते असेच झोपेत वाकले होते. माती फुटत नव्हती, पाणी वर चढत होतं, जीव नुसता कासावीस. तेवढ्यात कुणीतरी हातातला दांडा हळूच काढून घेतला.

"तुमी झोपा. पानी मी पाह्यतो."

हे पार्बताबाईचं वाक्य. अर्ध्या रात्री ती धुऱ्यावर यायची, फावडं घ्यायची आणि एवढंच म्हणायची. मग ते गोणपाटावर पडत, ते थेट उजाडेपर्यंत. आताही ते आडवे झाले. पाणी वाहत राहिलं, वाफ्यांमागून वाफे भरत गेले, पण त्यांना उठायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीत होतं. वर्षाली भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर झाडू, डोळे तांबारलेले.

"तुले कोनं सांगतलं ते?" त्यांनी विचारलं.

"लहानपनी तिथंच तर निजत होतो मी, बाबा. तुमच्याच गोनपाटावर."

महादेवराव उठून बसले. त्यांनी हात पुढे करून झाडू घेतला.

"आन इकडे. आता तू झोप."

ती तिथंच कलंडली. तिच्या उशाशी महादेवराव झाडू धरून बसून राहिले.