सिंधुबाईचं ‘हो’

मी एक पितळेचा तांब्या. धारूरच्या बाजारात सिंधुबाईनं मला बोटांनी वाजवून घेतलं आणि थेट अंगणवाडीत नेलं. ती तिथली सेविका. मला उंच धरून पोरांना विचारायची, "हे काय हाय?" पोरं ओरडायची, "तांब्या!" गावातल्या कितीतरी पोरांना वस्तूंची नावं तिनंच शिकवली.

मागच्या उन्हाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून आली ती उजवा हात लुळा घेऊन. तहान लागली की माझ्याकडे बघून म्हणायची, "किल्ली... किल्ली." चुकलं हे तिला कळायचं, डोळे भरायचे. पण सकाळी घरात बुद्धवंदनेचं त्रिशरण सुरू झालं की तीही म्हणायची, कुठंही न अडखळता. एवढं सगळं शाबूत, मग माझंच नाव कुठं गेलं? मला कोडं पडायचं.

लोकांनी मात्र ठरवून टाकलं, बाईचं डोकं गेलं.

अशात तिच्या लेकीला, चैतालीला, स्थळ आलं. चैताली बीडला नर्सिंग शिकत होती. मुलाकडच्यांना ते शिक्षण बंद हवं होतं. वडील आश्रुबा घुटमळत होते. तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ बंकट म्हणाला, "वैनीलाच इचारू की. वैनी, उरकून टाकायचं का लगीन?"

"हो," सिंधुबाई म्हणाली.

"झालं! आईच हो म्हणती."

तिनं डाव्या हातानं मला उचललं आणि भिंतीवर आपटलं. मला पोचा पडला, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. "हो! हो!" ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

चैताली तिच्यासमोर बसली. "आई, मी तुझी सासू हाय का?"

"हो." म्हणता म्हणता सिंधुबाईला हसू आलं आणि रडूही.

"बघा काका. मनात काय बी असू द्या, तोंडातनं 'हो'च निघतंय." तिनं आईचा डावा हात हातात घेतला. "हो असलं तर दाब, नसलं तर सोड. मी शिक्षण सोडू?"

सिंधुबाईनं हात झटकन सोडला.

बंकट चपला घालून निघून गेला. स्थळ मोडलं. भावाभावांतलं बोलणं अजून बंद आहे.

सगळे पांगल्यावर आश्रुबा बायकोजवळ बसले. "सिंधू, मी रोज इचारायचो, बरं हाय ना? तू हो म्हणायचीस. मी आपला कामाला लागायचो." त्यांनी आपला हात तिच्या डाव्या हातात दिला. "खांदा दुखतो का?"

तिनं हात दाबला. दाबूनच धरला.

"लई?"

बोटं आणखी आवळली.

"कवापासनं?"

या प्रश्नाला हाताकडे उत्तर नव्हतं. तिचे ओठ उघडले आणि मिटले. आश्रुबांनी मान खाली घातली.

हल्ली मी पोचा घेऊन तिच्या उशाशी असतो. तुमच्या घरात कुणाचे शब्द असे वाट चुकले, तर पहिल्या 'हो'वर उठून जाऊ नका. जरा बसा. हात हातात घ्या.