उजेडापुढे धरलेलं अंडं

मी कँडलिंग बोलतोय. एक इंग्रजी शब्द. माझ्यावर कितपत विसंबावं, हे मलाही नीटसं ठाऊक नाही.

कँडल म्हणजे मेणबत्ती. पूर्वी अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपुढे अंडं धरून आत जीव धरलाय का, हे पाहत. त्या पाहण्याचं नाव मी. माझं मूळ लॅटिन, अर्थ 'उजळणे'. आपला 'चंद्र'ही त्याच कुळातला, असं अभ्यासक म्हणतात. पुढे मेणबत्तीच्या जागी दिवे आले, पण नाव राहिलं.

सुप्याजवळच्या एका वस्तीवर मला सविताने आणलं, कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणातून. साथीत तिच्या कोंबड्या गेल्या. उरली एकच गावरान, आठवडाभर अंड्यांवर खुडूक बसलेली. आज पहाटे मुंगसाने तीही नेली. उजाडेपर्यंत अंडी गार पडली.

शेजारच्या आबासाहेबांची कोंबडी खुडूक होती. ते म्हणाले, जिवंत असतील तेवढीच आण. एखादं सडून फुटलं तर माझीही नासतील.

म्हणजे निवाडा माझ्याकडे आला.

सविताने दार लोटलं, खिडकीला गोधडी लावली आणि मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरलं. आत रक्ताचं नुसतं कडं. ते मेलेलं. पुढचंही तसंच. त्यापुढचंही. बाजूला काढलेली अंडी सासू, गयाबाई, पाटीत घेत होत्या.

"तुझ्या टॉर्चनं मेल्यालं उठतंय व्हय?"

सविताने शेवटचं अंडं उजेडावर ठेवलं. लाल शिरा दिसल्या, मध्ये काळा ठिपका. ठिपका हलला. पण तिचा हातही थरथरत होता. जीव हलला की हात? मला सांगता येईना. मी नुसतं दाखवतो, ठरवत नाही.

"टाक गं. लई बघितलंस."

"आत्या, जरा माझं मनगट धरा."

गयाबाईंनी पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी मनगट घट्ट धरलं. हात थांबला. दोघींचा श्वासही.

ठिपका पुन्हा हलला.

मग गयाबाईंनी अंडं पदरात घेतलं. "दार उघड. आन् तू मागं ऱ्हा, तुझा हात कापतोय."

आता ते आबासाहेबांच्या कोंबडीखाली आहे. पिल्लू निघेल का, ठाऊक नाही. निघालं तरी अंडी न देणारा कोंबडाच निघायचा, अशीही धास्ती आहे. एकच विनवतो: टाकून देण्याआधी कुणाला तरी हात धरायला सांगा, आणि पुन्हा एकदा पाहा.