पहिला चौकोन

गॅस कंपनीच्या तक्रार केंद्रात माझं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फोन दुसऱ्यांनी घ्यायचे आणि त्यांतली मोजकी रेकॉर्डिंग ऐकून मी गुण द्यायचे. फॉर्मवर दहा चौकोन. पहिल्यात एवढंच बघायचं: फोन उचलताच "हाऊ मे आय हेल्प यू?" म्हटलं का, आणि शब्द त्याच क्रमाने आले का. पहिला चौकोन शून्य, तर अख्खा फोन शून्य. तीन शून्यं झाली की माणूस घरी. ही अक्कल आमच्या साहेबांची. फोन करणारे झाडून सगळे मराठीत बोलतात, हे त्यांना सांगणार कोण!

फोन घेणाऱ्यांतल्या आमच्या काकू म्हणायच्या, "हाऊ आय मे हेल्प यू?" डबा खाताना मी त्यांच्याकडून चार महिने घोकून घेतलं. "जीभच वळत नाही गं मेली," म्हणत त्या हसायच्या. पहिली दोन शून्यं मीच दिली. घरात त्या एकट्याच कमावत्या आहेत, हे ठाऊक असून दिली.

मंगळवारी दुपारी त्यांचं आणखी एक रेकॉर्डिंग आलं. फोन उचलल्या उचलल्या एक म्हातारा धापा टाकत ओरडला, "अहो, गॅस सुटलाय! सून स्वयंपाकघरात पडलीय!"

काकूंनी काही विचारलंच नाही. "आजोबा, आधी तिला ओढून अंगणात न्या. बटणाला हात लावू नका, दारं उघडी टाका. बाहेर गेलात की बोला, मी आहे." मग बराच वेळ नुसतं खरखरणं. शेवटी एक बाई खोकली, आणि काकू हुंदका देऊन रडल्या.

मी ते साहेबांना नेऊन ऐकवलं. ऐकताना ते माझंच पेन घेऊन त्याच्या टोपणाने कान कोरत बसले होते.

"छान. पण पहिला चौकोन?"

"साहेब, सून वाचली."

"वाचली ना? मग आता नियमाचं बोलू."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! मला त्या माणसाची शिसारी आली. त्यांनी टोपणाला लागलेला मळ पँटला पुसला, ते पेनावर बसवलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. "भरा."

मी ते हातात घेतलं. शून्य काढलं. नंतर तीनदा साबणाने हात धुतले.

शुक्रवारी काकूंच्या खुर्चीतल्या नव्या मुलीचं रेकॉर्डिंग आलं.

"हाऊ मे आय हेल्प यू?"

"बाळ, मंगळवारी बोलल्या त्या बाईंना दे ना. सून बरी आहे. तिला त्यांच्याशी बोलायचंय."

"तक्रार काय आहे, सर?"

"तक्रार नाही गं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं."

"तक्रार नसेल तर फोन ठेवावा लागेल, सर."

तिने ठेवला. पहिल्या चौकोनात मी पूर्ण गुण दिले. पेन तेच होतं.