तडसाच्या घळीपाशी दोन दिवस

कांता एकावन्न वर्षांची झाली त्या वर्षी गाडी चालवायला शिकली. अल्लीपूरला तिच्या घरचं कापडाचं दुकान. अठ्ठावीस वर्षं ती गल्ल्यामागे किंवा ताग्यांमध्ये उभी राहिली होती. मुलगी अंकिता नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना आपली जुनी दुर्बीण घरीच विसरली. कांता ती घेऊन रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊ लागली. आधी पोपट, मग धनेश, मग गावाबाहेरच्या पडीतातली खोकडाची जोडी. वर्षभरात तिला या पाहण्याची अशी गोडी लागली, की दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिचे डोळे रस्त्यापलीकडच्या बाभळीवर जात.

तळेगावकडचे सदाशिवराव लग्नाच्या बस्त्यासाठी दुकानात आले होते, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, "आमच्या वावरापुढं नदीकडं सगळी जमीन फाटून गेली. घळीच घळी. तठी तडस राह्यते."

कांताने हातातली साडी घडी न करताच खाली ठेवली. तडस तिने कधीच पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं, की दोन दिवस मी एकटी जाते, व्हॅनमध्येच झोपीन.

"एकटी काऊन?" धर्मेंद्र म्हणाला. "आणि तडस पाह्यले? लोकं वाघ पाह्यले जातात."

"वाघाले पाह्यले जिप्सीत सहा-सहा जण बसून जातात. मले एका जागी गुपचूप बसायचं हाय. तुमच्याच्यानं गुपचूप बसणं होते का?"

धर्मेंद्रला हसू आलं. होत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्याने गाडीच्या चाकांची हवा तपासून आणली आणि सदाशिवरावांना फोन केला.

वर्धा सोडून आर्वीकडच्या रस्त्याला लागल्यावर पहिले वीस किलोमीटर तिचे खांदे आखडलेले होते. मागून ट्रक आला की ती गाडी पार कडेला घ्यायची. आर्वीला थांबून तिने चहा घेतला, गाडीला टेकून दोन संत्री खाल्ली आणि पुढे निघाली ती खिडकीची काच खाली करून. दोन्हीकडे हरभरा सोंगणीला आलेला. वावरांच्या कडेने, धुऱ्यांवर, पळस पेटलेले. तळेगाव मागे टाकून नदीच्या बाजूला वळल्यावर वावरं संपली आणि जमीन खरोखरच फाटत गेली. पिवळ्या मातीचे उभे कडे, मधून अरुंद वाटा, कुठे पुरुषभर खोल, कुठे दोन मजली घराएवढ्या. काठावर बोरी आणि हिवर, मुळं हवेत लोंबणारी.

सदाशिवराव मोटारसायकलवर वाट पाहत उभे होते. त्यांनी गाडीच्या मागे डोकावून पाहिलं.

"दादा नाई आले?"

"नाही. मी एकटीच."

"वहिनी, हे काई बरोबर नाई," ते म्हणाले. पण लगेच त्यांनी काठावरची सपाट जागा दाखवली, पाण्याची कॅन उतरवून दिली आणि बोट दाखवलं. "ते खोपडं दिसते ना, तठी सीताबाई राह्यते. बकऱ्यावाली. काई लागलं तर तिले आवाज द्या. तिचं डोकं सध्या गरम हाय. पंधरा दिवसांत दोन पिल्लं गेली तिची. उद्या दुपारी दोन माणसं घेऊन येतो मी. तडसाचं बीळ सापडलं तर धूर करून बुजवून टाकू म्हणते."

ते गेले. कांताने गाडीच्या दारावरून हिरवी जाळी बांधून सावली केली, चटई टाकली. पण तिचं चित्त लागेना. ज्याला पाहायला आली होती त्याच्यासाठी उद्याचा धूर ठरला होता.

चार वाजता ती दुर्बीण घेऊन काठाकाठाने चालत गेली. एका कडेला बोरीच्या मागे बसायला जागा मिळाली. समोर घळीच्या पलीकडच्या भिंतीत, तळाशी, एक काळं भोक होतं. भोकापुढे जुनी हाडं पडलेली. गाव मेलेली ढोरं पलीकडे आणून टाकत असे, तिथलीच असावीत. ती बसली. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, एक कळप नदीकडे उतरला. मोर ओरडून थांबले. पायांना मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

सूर्य मावळायला टेकला, तेव्हा भोकातून एक लहानसं, राखाडी, कान मोठे असलेलं तोंड बाहेर आलं. मग दुसरं. दोन पिल्लं. त्यांनी एका हाडाची ओढाओढ सुरू केली. आणि मग आई बाहेर आली. पुढून उंच, मागून उतरती, पाठीवर आयाळ, अंगभर पट्टे. ती आळस देऊन उभी राहिली, नाक वर करून वारा घेतला आणि थेट कांताच्या बाजूला पाहिलं. कांताने दुर्बीण हलू दिली नाही. थोड्या वेळाने मादी खाली बसली आणि पिल्लं तिच्या पोटाशी शिरली.

कांताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. का, ते तिचं तिलाही कळलं नाही. काळोख पडायच्या आत ती गाडीपाशी आली, घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या, धर्मेंद्रला फोनवर "दिसलं" एवढंच सांगितलं आणि दारं लावून गाढ झोपली.

सकाळी कोणीतरी गाडीवर थापा मारल्या. बाहेर साठीतली एक बारकी बाई उभी होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"ऊठ वो बाई. थंडीनं मेली का काय पाह्यले आलो." ही सीताबाई. बकरीच्या दुधाचा चहा तिने पेल्यात ओतला आणि समोर उकिडवी बसली. "काल त्या बाजूनं गेलती ना तू? मी पाह्यलं. काई दिसलं?"

कांताने चहाचा घोट घेतला.

"नाही, मावशी. रोही दिसले. मोर."

"तडस?"

"नाही."

सीताबाईने मान हलवली. "दोन पिल्लं नेली. एक तर चार दिवसांचंच होतं. त्याची माय अजून वरडून राह्यली." मग तिने भाकरीचं फडकं सोडून कांतापुढे सरकवलं. "खाय. शहरातल्या बायका उपाशी राह्यतात उगाच."

भाकर गरम होती. कांताने ती मान खाली घालून संपवली.

सीताबाई बकऱ्या घेऊन गेल्यावर कांताने जाळी सोडली, सामान भरलं आणि गाडी चालू केली. पाहायचं ते पाहून झालं होतं. पुढचं आपल्या हातात नाही, असं ती मनाशी म्हणत राहिली. हमरस्ता दिसेपर्यंत ती आली. तिथे तिने गाडी बाजूला घेतली. आपण खोटं बोललो, ते बीळ वाचावं म्हणून. पण दुपारी माणसं येणार, घळी धुंडाळणार, बीळ त्यांना सापडणारच. आपल्या खोट्याने तडसही वाचत नाही आणि जिने आपल्याला चहा-भाकर आणून दिली, तिला मात्र आपण फसवलं. तिने गाडी वळवली.

सीताबाई धुऱ्यावर बसली होती. कांता चालत तिच्यापर्यंत गेली.

"मावशी, मी खोटं बोलली. काल तडस पाहिलं मी. बीळ कुठे आहे तेही माहीत आहे. दोन पिल्लं आहेत तिची."

सीताबाई उठून उभी राहिली. "माह्या हातची भाकर खाल्ली तू!"

"हो."

"तुले त्याची दोन दिसली. माही दोन नाई दिसली?"

लांबून एक बकरी ओरडत होती.

"मंग आता काऊन सांगून राह्यली?"

"तुमच्याशी खोटं बोलून मला घरी जाता येईना." कांता थांबली. "मावशी, पिल्लं कुठून गेली ते मला दाखवता का?"

सीताबाईला ते विचारणं आवडलं नाही. पण ती पुढे चालू लागली. बकऱ्यांचा कोठा म्हणजे चारी बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि वर जुनं टिन. मागच्या बाजूने कूड खालून कुजला होता. हातभर भगदाड, आणि त्याखालची माती उकरलेली. कांता खाली वाकली.

"इथून तर गावातलं कुत्रंही शिरेल."

"कुत्रे फिरतात ना. पाच-सहा फिरतात."

"मग तडसच होतं कशावरून?"

"नव्हतं कशावरून?" सीताबाई ताडकन म्हणाली.

"ते मलाही माहीत नाही," कांता म्हणाली. "पण आज बीळ बुजवलं तरी हे भगदाड राहतेच. उद्या दुसरं कोणी येईल."

"बुजवणार कोण? मी एकटी. सदाशिवभाऊले चार डाव म्हटलं. धूर कराले माणसं भेटतात, कूड बांधाले नाई भेटत."

"मी आहे ना."

सीताबाईने तिच्याकडे, तिच्या सुती साडीकडे आणि मऊ हातांकडे पाहिलं. "तुले येते का काई?"

"शिवता येते."

व्हॅनमधली हिरवी जाळी बाहेर निघाली. ती चार पदरी केली. सीताबाईकडे पोती शिवायचं दाभण आणि सुतळी होती. कुजलेल्या तुराट्या उपटून सीताबाईने नव्या रोवल्या, कांताने त्यांना आतून जाळी धरून टाके घातले. नदीतून दगड आणून खाली एक रांग लावली. त्यापुढे बोरीच्या काट्या रचल्या. कांताच्या हाताला दोनदा काटा रुतला, दोन्ही वेळा सीताबाईने तो दाभणाच्या टोकाने काढला. "दुकानदारीण दिसतं, पण हात चालते तुहा," ती एकदा म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला मऊ शब्द.

दुपारी सदाशिवराव दोन माणसं, वाळलं गवत आणि मिरच्यांची पुडी घेऊन आले, तेव्हा दोघी मातीने माखल्या होत्या.

"बीळ सापडलं का?" त्यांनी विचारलं.

कांताने सीताबाईकडे पाहिलं. आता ते सांगायचं की नाही, हे सीताबाईने ठरवायचं होतं.

सीताबाईने पदराने तोंड पुसलं. "आधी हा कोठा पाह्य. आठ दिवस पाहू. पुन्हा पिल्लू गेलं, तर मीच गवत पेटवीन, तुले बोलवणार बी नाई. आता आलेच तुम्ही, तर वरचं टिन सरळ करून द्या. वाऱ्यानं उडते."

माणसं एकमेकांकडे पाहून हसली आणि टिनावर चढली. सदाशिवराव खालून हातोडी देत राहिले. मिरच्यांची पुडी सीताबाईने ठेवून घेतली. भाजीला होईल म्हणाली.

संध्याकाळी कांता तिला बोरीमागे घेऊन गेली. दुर्बिणीतून सीताबाईला आधी काहीच दिसेना, मग एकदम दिसलं.

"अगं माय! याले कोण्या शिंप्यानं पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घातला?" कांताने तिचं तोंड दाबलं. सीताबाई बराच वेळ पाहत राहिली. पिल्लं आईच्या पोटाशी शिरली, तेव्हा तिने दुर्बीण खाली घेतली आणि पुन्हा लावली.

"बरगड्या मोजून घे तिच्या," ती कुजबुजली. "दूध पाजून राह्यली ना. दोघं चोखतात, तवा बकरी बी अशीच होते. खायले भेटत नसंल बरोबर." थोड्या वेळाने म्हणाली, "मी तिले माफ नाई केलं बरं. पण आज नाई करत काई."

दुसऱ्या दिवशी सकाळी कांता परतली. त्यानंतर आठ दिवस तिने रोज सकाळी सीताबाईला फोन केला. पहिल्या दिवशी पिल्लू गेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी काट्या उकरल्या, पण दगडांशी थांबले. "मी सोताच्या डोयानं पाह्यलं, कुत्रेच होते," सीताबाई म्हणाली, "पण आधीचं कोणाचं काम, ते देवाले माहीत." आठव्या दिवशी कांताने फोन केला तर सीताबाई ओरडली, "रोज काऊन इचारतं वो? कोठा तूच शिवला ना? मंग भरोसा ठेव."

मार्च संपता संपता तिचा स्वतःहून फोन आला. तडस पिल्लांना घेऊन नदीपलीकडे निघून गेली होती. जाताना सकाळच्या उजेडात तिघं एका रांगेत रेतीवरून चालत गेली, ते तिने धुऱ्यावरून पाहिलं होतं. आणि ओरडणारी ती बकरी पुन्हा गाभण होती.

एप्रिलमध्ये कांता परत गेली. या वेळी आर्वीच्या रस्त्यावर एकही ट्रक तिला मोठा वाटला नाही. सीताबाईने चहा दिला आणि तो संपायच्या आतच तिला ओढत घळीत नेलं. तळाशी, ओलसर मातीत, ताज्या पावलांची एक रांग उमटली होती. बारीक, नखांसकट, एका ओळीत.

"चार दिवसांपासून येऊन राह्यलं," सीताबाई म्हणाली. "कोण हाय, सांग बरं?"

कांता गुडघ्यांवर बसली. तिलाही ओळखू येईना.

"मंग आज अठीच बसू," सीताबाई म्हणाली आणि पदर सावरून बोरीच्या सावलीत जागा करू लागली.