आकडा मुदस्सरला दिसतो

"नको गो, पंखा नको लावू," माझी शेजारीण नुरजहाँभाबी लादीवर पडल्या पडल्या माझा हात ओढत होती. ओठ पांढरेफटक, ओढणी घामानं चिंब. आमच्या नाते गावातली मे महिन्याची दुपार, आणि ही बया पंखा बंद करून बसलेली!

माझा जन्म सरकारी दवाखान्यात नर्सकी करण्यात गेला. पेशंटचं ऐकून घ्यायचं आणि आपल्याला करायचं तेच करायचं. मी पंखा लावला, तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि ती जरा उठून बसल्यावर तोंड सोडलं.

"मरायचंय का तुला? लेकानं लाखभर घालून छपरावर सोलर बसवलं, ते काय कावळ्यांना बसायला?"

"मुदस्सर बगतो ना तिकडनं, मोबाईलवर," ती म्हणाली. मुदस्सर तिचा एकुलता एक, कुवेतला असतो, बायकापोरांसकट. नवरा गेल्यापासून ही इथं एकटी. "सांजच्याला फोन करतो. युनिट जास्त झाले की खूश असतो, बोलत बसतो. कमी झाले की म्हणतो, पैसे वसूल कधी व्हायचे, नि ठेवून देतो. मी पंखा लावला की आकडा कमी व्हनार नाय?"

एवढ्यासाठी ही उन्हाळाभर उकडून निघाली होती. मला रागही आला आणि रडूही.

"अगं खुळे, माझ्या घरावरही तेच सोलर आहे. तो आकडा छपरावर किती वीज तयार झाली त्याचा. ढग आले, पाट्यांवर धूळ बसली, तर उतरतो. तू पंखा लाव, फ्रीज लाव, नाहीतर काळोख करून बस, त्या आकड्याला काही फरक पडत नाही."

मला वाटलं, सुटेल बिचारी. पण ती पंख्याकडं बघतच राहिली.

"मंजे मी घरात हाय का नाय, ते बी त्याला दिसत नाय?"

"नाही."

"मी मेले तरी आकडा जाईल त्याला?"

दवाखान्यात किती घरच्यांना वाईट बातमी सांगितली मी, कधी जीभ अडली नाही. इथं मात्र मी उठून पंखा आणखी वाढवला.

संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसून राहिले. फोन वाजला तेव्हा मीच उचलायला निघाले होते. चांगला झाडणार होते त्याला. भाबीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं, पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतली आणि फोन कानाला लावला.

"अम्मी, आज मस्त झालेत युनिट!" त्याचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

"होय रे बाला," ती म्हणाली. "ऊन चांगला पडला व्हता आज."